मावसांच्या वहीतली वरची ओळ

माझ्या मावशीच्या यजमानांना उभ्या आयुष्यात कोणालाही ‘नाही’ म्हणता आलं नाही, आणि एवढ्या एकाच कारणाने बीड जिल्ह्याला रशियन भाषेचा पदवीधर मिळाला. दुसरं कारण मला सापडलेलं नाही. पुढे तीस वर्षं मी वर्तमानपत्रात काढली आणि घटनेमागचं कारण शोधणं हाच माझा पोटाचा धंदा झाला. पण मावसांच्या बाबतीत जितकं खोदावं तितकी खाली भीडच लागत गेली.

त्यांचं घराणं माजलगावच्या बाजूचं, जमीनजुमला राखून असलेलं. जमीन होती म्हणून कज्जे होते आणि कज्जे होते म्हणून घरातच एक बॅरिस्टर असावा असं त्यांच्या वडिलांना वाटलं. निजाम सरकारचा शिक्षणासाठीचा वजीफा मिळाला आणि मावसा कायदा शिकायला विलायतेला गेले. ज्या विद्यापीठात गेले तिथे थंडी अशी होती की माजलगावच्या उन्हात वाढलेल्या या माणसाला पहिल्या आठवड्यात स्वतःची बोटं स्वतःची वाटेनात. कायद्याच्या वर्गात शेगडी नव्हती. शेजारच्या खोलीत होती. एका सकाळी हात शेकून घ्यावेत म्हणून ते त्या खोलीत शिरले. आत एक म्हातारे रशियन प्राध्यापक रिकाम्या बाकांसमोर बसून होते. रशियन भाषा, तिथल्या लोककथा आणि रीतिरिवाज असा त्यांचा विषय होता आणि त्या वर्षी एकही विद्यार्थी न आल्यामुळे विद्यापीठ तो वर्ग बंद करणार होतं. मावसांना पाहून ते उठले, त्यांचे गारठलेले हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेतले आणि विचारलं, “रशियन शिकायला आलात?”

“मी म्हननार होतो, हात शेकायला आलो,” मावसा हे सांगताना दर वेळी या ठिकाणी थांबत. “पण म्हातारा मानूस. डोळ्यांत पाणी. न्हाई कसं म्हनावं, सांगा.”

तीन वर्षं ते त्या शेगडीजवळ बसले. वर्गात दुसरं कोणी नसल्यामुळे दांडी मारण्याची सोय नव्हती. म्हाताऱ्याच्या तोंडून त्यांनी भाषा घेतली, गाणी घेतली, गोष्टी घेतल्या, आणि कोणती गोष्ट कशी टिपून घ्यायची याचं शास्त्र घेतलं. पदवी पहिल्या वर्गात मिळाली. वर्गात तेच पहिले होते आणि शेवटचेही. घरी आले तेव्हा वडिलांनी विचारलं, “झालास का बॅरिस्टर?” मावसांनी खरं ते सांगितलं की बॅरिस्टर व्हायचं राहिलं, पण रशियन चांगलं येतं. वडील म्हणाले, “आपल्या कज्ज्यात रशियन कोन हाय?”

वजीफ्याची भरपाई म्हणून सरकारने त्यांना बीडच्या सरकारी शाळेत, मदरशात, जुगराफिया, म्हणजे भूगोल, शिकवायला बसवलं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांना व्होल्गा कुठून निघते, कोणत्या नद्यांना पोटात घेते आणि कोणत्या महिन्यात गोठते हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी गावातून वाहणाऱ्या बिंदुसरेबद्दल विचारलं, तेव्हा वर्गातला सर्वांत हुशार मुलगा म्हणाला, “ती गोठत न्हाई साहेब.” गावात त्यांना सगळे रूसवाले मास्तर म्हणत.

भिडेचा एक नमुना द्यायला हवा. मांजरसुंब्याचा एक गाडीवान, नाव भगवान, आठवड्याला बीडच्या बाजाराला येई. परत जाताना मदरशासमोर तो बैल थांबवून सहज म्हणे, “येता का मास्तर?” गावाकडे रस्त्यात भेटलेल्या माणसाला असं विचारायची रीत आहे आणि ‘न्हाई, तुमी चला’ असं उत्तर द्यायचीही. मावसांना या रीतीचा पहिला अर्धा भाग तेवढा ठाऊक होता. ते गाडीत चढून बसत. मांजरसुंब्याला त्यांचं काही काम नसे. तिथे उतरून ते ओढ्याकाठी थोडं हिंडत आणि दुसऱ्या दिवशी मिळेल त्या वाहनाने परत येत. असं तीनदा झाल्यावर मावशीने भगवानला गाठलं. “कावून नेतोस रं त्यांला?” तो हात जोडून म्हणाला, “म्या नेत न्हाई आक्का. म्या नुसतं इचारतो.” त्यानंतर तो मदरशाला वळसा घालून दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागला.

म्हाताऱ्या गुरूने शिकवलेल्या रशियन रीती ते कटाक्षाने पाळत आणि त्याचा जाच घरादाराला होई. उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभं राहून काही द्यायचं-घ्यायचं नाही, ही त्यातली एक. त्यामुळे टपालवाल्याला प्रत्येक पत्रासाठी पायताण काढून माजघरापर्यंत यावं लागे, आणि आल्यावर चहा घ्यावा लागे. रशियन बोलायला बीडमध्ये कोणी नव्हतं, म्हणून ते म्हशीशी बोलत. दोन वर्षांत म्हशीला अशी सवय झाली की दोन रशियन शब्द कानावर पडल्याखेरीज ती पान्हा सोडेना. ती विकली तेव्हा घेणाऱ्याला ते शब्द पाठ करून न्यावे लागले. पाली गावाकडच्या कोणत्या तरी गोठ्यात ते पुढे बरीच वर्षं चालू होते असं ऐकतो.

सर्वांत मोठा घोळ व्याह्यांच्या वेळी झाला. मुलीचे सासू-सासरे लग्नानंतर पहिल्यांदा घरी यायचे होते. मानाच्या पाहुण्याला दारात पाव आणि मीठ देऊन आत घेतात, असं मावसांना शिकवलेलं. पाव बीडमध्ये मिळेना, म्हणून त्यांनी ज्वारीची भाकर घेतली, तिच्यावर मिठाची वाटी ठेवली, खाली जरीचा रुमाल घेतला आणि दारात जाऊन उभे राहिले. विहीणबाईंनी ताटाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “मीठ-भाकर? दारातच? आमी काय दुष्काळातनं आलोत?” गाडी वळवायची तयारी झाली. आतून मावशी पुरणाच्या पोळ्यांचं ताट घेऊन धावत आली म्हणून सोयरीक वाचली. मावसांनी विहीणबाईंची माफी मागितली, आणि बाईंनी रागाने “खा आता तुमीच” म्हटल्यावर ती अख्खी भाकर मिठासकट दारात उभ्याने खाल्ली. त्यांना नाही म्हणता येत नव्हतं.

आणि एक होतं बसणं. प्रवासाला निघताना सामान बांधून झालं, पायताण घालून झालं की घरातल्या सगळ्यांनी क्षणभर गप्प बसायचं, मग उठून निघायचं. न बसता निघालेल्या माणसाचं मन घरातच राहतं म्हणे. मावसांचा क्षण लांब असे. जालन्याकडे जाणारी मोटर या बसण्यापायी माझ्यासमोर दोनदा सुटली. मावशी चिडून म्हणायची, “मोटर गेली, आता मन बी हितंच आन् आपन बी हितंच.” पण ती बसायची.

आता त्यांच्या वह्यांकडे येतो. विलायतेहून निघताना म्हाताऱ्या प्राध्यापकांनी त्यांच्याकडून एक वचन घेतलं होतं: तुमच्या मुलखातल्या गोष्टी जमवा, रशियनमध्ये उतरवा आणि मला पाठवा. मावसा हो म्हणाले होते. मग वीस वर्षं, मदरशाला सुटी असेल त्या दिवशी, ते पालीला, मांजरसुंब्याला, कधी माजलगावच्या बाजाराला जाऊन बसत. मेंढ्या राखणारे धनगर, जात्यावरच्या बाया, गाडीवान, जो सांगेल त्याचं ऐकत. पालीला गोदाई नावाची एक धनगराची म्हातारी होती. तिला येणाऱ्या गोष्टी एका पावसाळ्यात संपल्या नाहीत. मेंढीच्या पोटी जन्मलेला एक राजपुत्र फक्त बुधवारी बोलतो, अशी तिची एक लांबलचक गोष्ट होती आणि ती ऐकायला मावसा चार बुधवार रजा काढून गेले, कारण इतर वारी ती सांगायची नाही. म्हाताऱ्या गुरूचा एक नियम मात्र त्यांनी काटेकोर पाळला. प्रत्येक गोष्टीच्या वर, अधोरेखित ओळीत, सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि वय. “सांगनाऱ्याचं नाव नसलेली गोष्ट अनाथ,” ते म्हणत. नाव, गाव, वय, गोष्ट, सगळं रशियन अक्षरांत. अशा अकरा वह्या झाल्या. शेवटी गुरूचं पत्र आलं की आता फार दिवस उरलेले नाहीत, तेव्हा मावसांनी वह्या कापडात शिवून टपालात दिल्या.

पार्सल बीडच्या बाहेर गेलं नाही. मधल्या काळात रशियात क्रांती होऊन बादशहा गेला होता आणि रूस या शब्दाने कचेऱ्यांतली माणसं दचकू लागली होती. अकरा वह्या, एकही अक्षर लागत नाही, आणि पत्ता विलायतेतल्या एका रशियनाचा. पोलिसांचे अमीन साहेब, म्हणजे फौजदार, वह्या ताब्यात घेऊन बसले. त्या वाचायच्या तर रशियन जाणणारा माणूस हवा. संबंध जिल्ह्यात तसा एकच होता. तेव्हा अमीन साहेबांनी रीतसर लेखी हुकूम काढला की आरोप ज्याच्यावर आहे त्यानेच हजर राहून आपल्या वह्यांचा सरकारसाठी तर्जुमा, म्हणजे भाषांतर, करावा. मी त्या वेळी त्यांच्याच कचेरीत कारकून होतो. माझं उर्दू अक्षर बरं होतं म्हणून उतरून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. नातं अमीन साहेबांना ठाऊक होतं. बीडात कोण कोणाचा लागतो हे त्यांना विचारूनच लोक सोयरिकी जमवत.

हुकूम घेऊन जवान घरी आला तेव्हा मी तिथे होतो. मावसांनी कोट घातला, पायताण घातलं आणि सवयीने ओट्यावर बसले. मावशी बसली. जवान उभा होता. मावसा त्याला म्हणाले, “बसा थोडं. निघायच्या आधी बसावं.” जवानाने इकडे-तिकडे पाहिलं आणि तोही पगडी सावरत बसला. मग उठून आम्ही कचेरीत गेलो.

सुरुवातीलाच अमीन साहेबांनी चहा मागवला. मावसांनी घेतला. दुसरा आला, तोही घेतला. पान आलं, ते पान खात नसत, पण घेतलं. खुर्ची खिडकीजवळ ओढा म्हटलं, ओढली. कोऱ्या कागदाखाली सही करा म्हटलं असतं तर तीही केली असती. मग अमीन साहेबांनी पहिली वही उघडली आणि अधोरेखित ओळीवर बोट ठेवलं. “मास्तर, ये ऊपर क्या लिखा है? हर किस्से के ऊपर है.”

“सांगनाऱ्याचं नाव हाय साहेब,” मावसा म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

“बस, तो फिर वही पढ़ो. किस्से बाद में. पहले नाम.” साहेबांनी आवाज खाली आणला. “नाम दिए तो तुम्हारी नोकरी बच जाएगी, मास्तर. नहीं तो ऊपर से हुक्म आने वाला है. रूसी पढ़ने वाला मदरसे में नक्को बोल रहे हैं.”

मी टाक शाईत बुडवून तयार होतो. मला वाटलं, संपलं. दुपारपर्यंत माझ्या कागदावर पालीची, मांजरसुंब्याची सगळी नावं येणार आणि संध्याकाळी जवान निघणार. जवानाची पगडी दिसली की गोदाई मेंढ्यांसकट डोंगरापलीकडे जायची. तिला या खोलीत आणून बसवणार आणि विचारणार, की बाई, तू रशियाला काय कळवत होतीस?

मावसांनी वही मिटली. “न्हाई,” ते म्हणाले.

अमीन साहेबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मलाही तसंच वाटलं. माझ्या टाकातली शाई कागदावर पडली. तो डाग अजून सरकारी कागदांच्या त्या मिसलीत असेल, कारण पुढचा मजकूर मी त्याच्या भोवतीने लिहिला.

“गोष्टी सगळ्या वाचतो साहेब. एक सोडत न्हाई. नावं न्हाई सांगायचा.” त्यांनी तिसरा चहा हातात धरलेला होता, कारण तो मधल्या मध्ये आला होता आणि तो नाकारणं त्यांना जमलं नव्हतं.

पुढचे सहा दिवस मावसा वाचत गेले आणि मी लिहीत गेलो. पहिल्या दिवशी अमीन साहेब आरोपीकडे बघावं तसे बघत होते. तिसऱ्या दिवशी ते मधे मधे “फिर?” म्हणू लागले. चौथ्या दिवशी संध्याकाळी घरी न्यायला आलेला टांगा त्यांनी परत पाठवला, कारण बुधवारी बोलणारा राजपुत्र गुरुवारी वधस्तंभाजवळ उभा होता आणि त्याला तोंड उघडता येत नव्हतं. पण काम काम होतं. तर्जुम्याच्या फॉर्मात ‘रावी’ असा रकाना होता, म्हणजे सांगणारा कोण, आणि सरकारी रकाना रिकामा ठेवता येत नाही. सहाव्या दिवशी साहेबांनी विचारलं, “मास्तर, इसमें क्या लिखें?”

“माझं नाव लिवा,” मावसा म्हणाले. “माझं नाव, माझं गाव, माझं वय. सगळ्यांवर.”

“सब तुमने सुनाए? खुद को?”

“व्हय साहेब.”

साहेबांनी वह्या चाळल्या. “मगर ये लकीर कहीं छोटी है, कहीं लंबी. नाम एक, तो लकीर क्यों बढ़ती?”

“वय वाढत गेलं साहेब,” मावसा म्हणाले.

अमीन साहेबांनी दाढीवरून हात फिरवला, खिडकीबाहेर पाहिलं आणि मला म्हणाले, “लिखो.” खाली त्यांनी स्वतःच्या हाताने शेरा मारला: शख़्स बेज़रर है, मगर निहायत बातूनी. म्हणजे, इसम निरुपद्रवी, परंतु अतिशय बोलघेवडा. मी तो घरी सांगितला तेव्हा मावशी म्हणाली, “ह्ये? बोलघेवडे? अवो, लगीन झाल्यापास्नं मीच बोलत्येय.”

वह्या परत मिळाल्या. नोकरी गेली. मावसा मावशीला म्हणाले, “बरं झालं. पोरांला आता बिंदुसरा तरी येईल.” वह्या पुन्हा शिवून टपालात द्यायच्या आधीच विलायतेतून कळलं की प्राध्यापक वारले. नोकरीचं त्यांनी मनाला लावून घेतलं नाही, प्राध्यापकांचं घेतलं, आणि त्याहून जास्त एका गोष्टीचं घेतलं. “सरकारी कागदात सगळ्या गोष्टी माझ्या झाल्या रे,” ते मला म्हणाले. “गोदाईच्या, भगवानाच्या. ही चोरीच झाली.” कागद दुरुस्त करणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी मला ती अक्षरं शिकवायला घेतली. भाषा नाही, नुसती अक्षरं. मी म्हटलं, गोष्टीही शिकवा की. “गोष्टी ऱ्हाऊ दे. नावं वाचता आली पायजेत कोनाला तरी.” दोन महिन्यांत मला वरची ओळ वाचता येऊ लागली. खालचं एक अक्षरही कळत नसे, आणि आजही कळत नाही.

मावसा गेले ते एका सकाळी, चहाचा कप हातात असताना. मी तेव्हा वर्तमानपत्रात लागलो होतो आणि सुटीवर बीडला आलो होतो. नातेवाइकांना निरोप गेले. मावशी म्हणाली, “आन् वहीतल्यांला?”

मी वह्या काढल्या आणि वरच्या ओळी एकेक करून मोठ्याने वाचल्या. कचेरीत ज्या वाचल्या गेल्या नव्हत्या त्या. कोण आहे, कोण नाही, मावशी सांगत होती आणि टपालवाला निरोप कोणत्या गावाला न्यायचा ते ठरवत होता. तो आत माजघरात बसला होता, सवयीप्रमाणे. अकराव्या वहीतली शेवटची ओळ मी वाचली आणि थांबलो. तिच्यात मावशीचं नाव होतं. गाव बीड. पुढे वय. मी मनात हिशेब केला आणि म्हटलं, “मावशी, वय दोन वर्षं कमी लागलंय.”

“मीच सांगितलं व्हतं तसं,” मावशी म्हणाली. “त्यांला ठावं व्हतं. पर न्हाई म्हनाले न्हाईत.”

संध्याकाळपर्यंत माणसं आली. पालीहून गोदाईचे दोन मुलगे आले, मेंढ्या कोणाच्या तरी ताब्यात देऊन. काही घोंगड्या, काही अनोळखी चेहरे. आपली नावं एकेकाळी कोणत्या खोलीत येता येता राहिली होती हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलं नाही. मांजरसुंब्याहून म्हातारा भगवान गाडी जुंपून आला. तयारी झाली, चौघे पुढे झाले, तेव्हा मावशी दारातून म्हणाली, “थांबा. जरा बसा.”

कोणी कावून म्हणून विचारलं नाही. सगळे होते तिथे जमिनीवर बसले, धनगर, मदरशातले जुने विद्यार्थी, व्याही, विहीणबाई. नेहमीसारखा तो क्षण लांबत गेला. शेवटी भगवान गुडघ्यावर हात टेकून उठला, पुढे आला आणि सवयीने म्हणाला, “येता का मास्तर?”

मावसा या वेळीही नाही म्हणाले नाहीत.